केक मऊ ठेवणारं ४२२

मुखेडच्या बाजारात इफ्तारच्या सामानात खजुराशेजारी आता पाकीटबंद केकही दिसतो. खजुराची साखरच त्याचा ओलावा धरून ठेवते. केकमध्ये ते काम बरेचदा ग्लिसरीन करतं; पाकिटामागच्या बारीक अक्षरांत त्याचा आकडा असतो ४२२.

रोजेदाराचा पहिला सवाल हलालचा. ग्लिसरीन वनस्पती तेलापासून निघतं, तसंच जनावराच्या चरबीपासूनही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर चरबीची शंका नको. शेजारच्या शाकाहारी घरालाही हाच ठिपका कामाचा.

खाण्याच्या दर्जाचं शुद्ध ग्लिसरीन बेताच्या प्रमाणात निर्धोक मानतात. भीती आहे ती भेसळीची. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं चौकशी केली. कारखान्यात वापरायचं ग्लिसरीन थेट रुग्णांच्या पोटात गेलं होतं!

ईदसाठी घरी केक, आयसिंग करणाऱ्यांनी सुटं, बिनलेबलचं ग्लिसरीन घेऊ नये. त्वचेला लावायची बाटली तर स्वयंपाकघरात आणूच नये.