कवी गेल्यावरही मोठा पुरस्कार मिळू शकतो का?
उत्तर पुरस्कारागणिक बदलतं.

अरुण कोलटकर सप्टेंबर २००४ मध्ये गेले. त्यानंतर २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘भिजकी वही’ला मिळाला. हा पुरस्कार पुस्तकाला असतो, म्हणून हे शक्य झालं. जगभरातल्या सोसणाऱ्या बायकांवरचा हा मराठी संग्रह २००३ मध्ये आला होता. त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’ला मात्र कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ १९७७ मध्येच मिळालं होतं! अकादमीला त्यानंतर २८ वर्षं लागली.

अमेरिकेतलं पुलित्झरही पुस्तकालाच. सिल्व्हिया प्लाथ १९६३ मध्ये गेली, तिच्या समग्र कवितांना पुलित्झर १९८२ मध्ये मिळालं.

नोबेल लेखकाला मिळतं. १९७४ पासूनच्या नियमानुसार हयात नसलेल्यांना ते देत नाहीत. घोषणेनंतर मृत्यू झाला, तरच अपवाद.