जुना लॅपटॉप फेकू नका : लिनक्सची निवड कशी करावी?

दिवाळीच्या सुट्टीत आपांकडे सोलापूरला गेलो होतो. भाची बारावीत आहे. तिचा लॅपटॉप दुलाभाईंनी दहा वर्षांपूर्वी घेतलेला, चार जीबी रॅमचा. सुरू व्हायला सात-आठ मिनिटे लागायची, आणि सुरू झाला की पडद्यावर एकच सूचना : विंडोज १० ची मुदत संपली आहे.

दुकानदाराने दोन वाटा सांगितल्या होत्या. पस्तीस हजारांचा नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर पाचशे रुपयांत 'फुल व्हर्जन' टाकून देतो. पहिली वाट खिशाला झेपणारी नव्हती. दुसरीबद्दल आपांच्या मनात शंका होती. "हे पाचशे रुपये कंपनीला जातात का रे?" त्यांनी मला विचारले. जात नाहीत, असे मी सांगितले. "मग नको," आपा म्हणाल्या. विषय संपला.

भाचीने मात्र विषय संपवला नाही. "मामू, लिनक्स फुकट असते म्हणतात. पण नावे इतकी आहेत की डोके फिरते. त्यातले कोणते घ्यायचे?"

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. काही अटींवर आणखी एका वर्षाची सुरक्षा देऊ केली, पण ती तात्पुरती. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. जुन्या यंत्रांत ती नसते. यंत्र धडधाकट, तरी बाद!

फुकट म्हणजे नेमके काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. कळफलक, पडदा, फाइली, इंटरनेट, सगळ्यांवर त्याचीच देखरेख. लिनक्स हा असा एक कारभारी. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. त्या प्रकल्पातील साधने आणि हा गाभा यांची जोड होऊन पूर्ण प्रणाली उभी राहिली.

तिचा परवानाच सांगतो की कोणीही वापरा, प्रत काढा, दुसऱ्याला द्या, जमल्यास सुधारणा करा. न विचारता घेतलेली वस्तू आणि देणाऱ्याने खुशीने दिलेली वस्तू यांतला फरक आपण लहान मुलांनाही शिकवतो. क्रॅक केलेली विंडोज पहिल्या प्रकारात मोडते, लिनक्स दुसऱ्या. शिवाय क्रॅकसोबत काय काय आत शिरते, हे टाकून देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

लिनक्स म्हणजे काही अनोळखी प्रकरण नव्हे. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळच्या सरकारी शाळांत मुले अनेक वर्षांपासून याच प्रणालीवर शिकत आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स तयार केली आहे.

तीन प्रश्न स्वतःला विचारा

गाभा एकच असला तरी त्याभोवती वेगवेगळ्या गटांनी आपापली सजावट आणि साधने जोडून प्रणाली बनवल्या. त्यांना 'डिस्ट्रो' म्हणतात. बिर्याणीचा तांदूळ तोच, पण प्रत्येक घरचा हात वेगळा, तसे हे. म्हणून 'सर्वांत चांगली कोणती?' या प्रश्नाला उत्तर नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : यंत्र कसे आहे? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडले की रॅम आणि प्रोसेसर दिसतो. आठ जीबी रॅम असेल तर उबंटू, झोरिन, लिनक्स मिंट यांपैकी काहीही चालेल. चार जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. त्याहून कमी असेल तर लुबंटू पाहावे. आजचे उबंटू आणि त्यावर आधारलेले मिंट ६४ बिटच्या यंत्रावरच चालतात, हेही तपासा.

दुसरा : काम काय आहे? इंटरनेट, ऑनलाइन तास, व्हिडिओ, पीडीएफ, अर्ज भरणे, पत्र आणि तक्ते यांत काही अडत नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस बहुतेक डिस्ट्रोंत आधीच असतात. वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मात्र गुंतागुंतीच्या मांडणीत ओळी इकडेतिकडे सरकू शकतात. टॅली, फोटोशॉप, श्रीलिपी यांवर ज्यांची रोजी चालते, त्यांनी घाई करू नये. ही सॉफ्टवेअर लिनक्सवर सहज चालत नाहीत. दुलाभाईंच्या दुकानाचा हिशोब टॅलीत आहे. त्यांच्या कॉम्प्युटरला मी हात लावला नाही.

तिसरा : अडले तर विचारणार कोणाला? नवशिक्याने फार वापरली जाणारी डिस्ट्रोच घ्यावी. अडचण आली तर तीच अडचण आधी हजारोंना आलेली असते आणि उत्तर शोधून सापडते. ओळखीत कोणी एखादी डिस्ट्रो वापरत असेल, तर तीच घेणे शहाणपणाचे.

उबंटू २००४ पासून आहे. तिचा पडदा विंडोजपेक्षा वेगळा दिसतो, पण मदत भरपूर मिळते. मिंट २००६ पासूनची. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, अशी ओळखीची मांडणी असल्याने विंडोजमधून येणाऱ्याला परके वाटत नाही. झोरिन ही आयर्लंडमधील मंडळींची. तिचा चेहराही विंडोजसारखा ठेवता येतो. तिची एक आवृत्ती विकत मिळते, पण घरगुती वापराला मोफत 'कोअर' पुरते. आवृत्ती घेताना दीर्घ मुदतीची घ्यावी. उबंटूच्या अशा आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

बसवण्याआधी चालवून पाहा

लिनक्सची सर्वांत मोठी सोय नवशिक्याला कोणी सांगत नाही. ती लॅपटॉपमध्ये न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते.

आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तिची आयएसओ फाइल उतरवा. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची असते, म्हणून मोबाइल डेटाऐवजी वायफाय बरे. बॅलेनाएचर किंवा रुफस या मोफत साधनाने ती पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. या कृतीत पेन ड्राइव्हवरचे जुने सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार कळ बदलते) दाबा आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

आता घाई नको. वायफाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर कागद काढतो का, एकेक पाहा. काही वायफाय चिप आणि काही स्वस्त लेझर प्रिंटर त्रास देतात, ते इथेच कळते. पेन ड्राइव्हवर वेग कमी भासतो, त्यावरून निकाल देऊ नका. पसंत नसेल तर पेन ड्राइव्ह काढा, लॅपटॉप सुरू करा. जुनी विंडोज होती तशीच असते.

बसवताना

आधी फोटो, प्रमाणपत्रे, अभ्यासाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा आणि तिथे त्या उघडतात याची खात्री करा. बसवताना दोन मुख्य पर्याय समोर येतात. एक विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवतो, दुसरा संपूर्ण डिस्क पुसतो. चुकीच्या ठिकाणी बोट पडले तर घरातल्या लग्नाचे फोटो परत मिळत नाहीत. ही पायरी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बसल्यानंतर मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' सुरू करून ठेवा. सिस्टिममध्ये काही बिघडले तर आधीच्या स्थितीत परतता येते. सॉफ्टवेअर हवे असेल तर आतल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या.

कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही जोडता येतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी आहे, उर्दूसाठी उच्चारानुसार चालणारी. नोटो नस्तालिक उर्दू हा मोफत फाँट टाकला की उर्दू मजकूर पुस्तकासारखा दिसतो.

आपांकडे दोन दिवस पेन ड्राइव्हवरच काम चालले. तिसऱ्या दिवशी भाचीने स्वतः फाइली काढून घेतल्या आणि मिंट एक्सएफसीई बसवली. मी फक्त शेजारी बसलो होतो. जुनी हार्ड डिस्क तशीच आहे, तरी लॅपटॉप आता दीड मिनिटात सुरू होतो. पुढे पैसे जमले तर एसएसडी टाकून घ्या, असे सांगून आलो. जुन्या यंत्राला त्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

परवा आपांचा फोन आला. भाचीने दादींसाठी शीरखुर्म्याची कृती उर्दूत टाइप करून मोठ्या अक्षरांत छापून दिली आहे. दादींनी त्यात दोन चुका काढल्या. एक दुधाच्या मापाची, एक इमल्याची. दोन्ही दुरुस्त करून नवी प्रत काढली म्हणे.