दार आणि साखळी

होळी आली की अमरावती-अकोल्याच्या आमच्या वस्त्यांतून माणसे बुलडाणा जिल्ह्यातल्या सैलानीबाबाच्या यात्रेला निघत. तिथे नारळांची होळी पेटे, पुढे संदल निघे. आमची माणसे दर्ग्यावर का जात? अमरावतीत अंबादेवीच्या बंद दारासाठी १९२७ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवावी लागली. 'दर्ग्यात जात कोणी विचारली नाही,' आजी सांगे. ते मी नाकारत नाही. पण तिथेच 'बाहेरची बाधा' म्हणून आणलेले मनोरुग्णही मी पाहिले. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यालगत २००१ साली आग लागली. साखळीला बांधलेले २८ रुग्ण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा साखळीला मनाई केली. दार उघडे मिळाले म्हणून माणूस मोकळा होत नाही. कार्यकर्त्यांनो, भाविकाला हसू नका. त्याच्या रुग्णाबरोबर दवाखान्यापर्यंत चला.