कचरा हस्तांतरण केंद्राचा विस्तार आणि पर्यावरण : पलूस परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सांगली जिल्ह्यातील पलूस हे तालुक्याचे ठिकाण ऊस व द्राक्षबागांच्या पट्ट्यात वसलेले आहे. तालुक्याच्या सीमेतून कृष्णा वाहते व ब्रह्मनाळ येथे तिला येरळा मिळते. ग्रामपंचायतीचे रूपांतर नगरपरिषदेत झालेल्या अशा गावांत लोकसंख्येबरोबर कचरा वाढतो आणि तो साठविण्याची जागा वाढविण्याची मागणी पुढे येते. अशा विस्ताराच्या पर्यावरणीय परिणामांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
घंटागाड्यांनी गोळा केलेला कचरा एकत्र करून मोठ्या बंदिस्त वाहनांतून प्रक्रियास्थळी पाठविण्याची जागा म्हणजे हस्तांतरण केंद्र होय. मुंबईत महालक्ष्मी व कुर्ला येथे अशी केंद्रे उभारण्यात आली. त्यांचा मुख्य लाभ वाहतुकीत होतो. १० टन कचरा अर्धा टन क्षमतेच्या गाड्यांनी दूर न्यावयाचा झाल्यास २० फेऱ्या लागतात. ५ टनांच्या वाहनाने तेच काम २ फेऱ्यांत होते. इंधन, धूर व धूळ घटतात.

विस्ताराचे गणित :
हा लाभ कचरा त्याच दिवशी पुढे जाण्यावर अवलंबून असतो. समजा, केंद्रात रोज १० टन कचरा येतो व ८ टनच बाहेर जातो. उरलेल्या २ टनांमुळे २० टनांची जागा १० दिवसांत भरेल. जागा दुप्पट केल्यास ती २० दिवसांत भरेल. म्हणजेच उचल न वाढविता केलेल्या विस्ताराने प्रश्न सुटत नाही. केवळ कचऱ्याचा मुक्काम लांबतो. मुक्काम लांबला की ओला कचरा कुजून दुर्गंधी, माश्या व मिथेन वायू निर्माण होतात आणि हस्तांतरण केंद्राचे रूपांतर नकळत कचरा डेपोत होते.

जमीन व पाणी :
कुजणाऱ्या कचऱ्यातून झिरपणाऱ्या द्रवात सेंद्रिय घटक व क्षार मोठ्या प्रमाणात असतात. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. फरशी पक्की नसल्यास हा द्रव त्यांतून खोल उतरू शकतो. पावसाळ्यात हीच माती फुगून पाणी मुरणे मंदावते व दूषित पाणी ओढ्याकडे वाहते. अतिसिंचनाने क्षारपड होत चाललेल्या भागात ही भर विशेष हानिकारक ठरते.

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचा विचारही अनिवार्य आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भूमिभरणाच्या जागेसाठी नदीपासून १०० मीटर अंतर व गेल्या १०० वर्षांतील पूरक्षेत्र वर्ज्य, असे निकष घातले होते. ते हस्तांतरण केंद्रासाठी नव्हते. तथापि जेथे कचरा आठवडेच्या आठवडे पडून राहतो, तेथे त्यामागील तत्त्व तितकेच लागू पडते. पुरात वाहून गेलेला कचरा पुढील गावांच्या पाणवठ्यांवर व शेतांत पसरतो.

उपाययोजना :
विस्तारापूर्वी रोजची आवक, रोजची उचल आणि केंद्रातील सर्वांत जुन्या कचऱ्याचे वय या तीन नोंदी वजनकाट्यासह ठेवल्या पाहिजेत. ओला कचरा गावातच खतासाठी वळविल्यास विस्ताराची गरज कमी होऊ शकते. विस्तार अटळ असल्यास छप्पर, पक्की उतरती फरशी, द्रव साठविण्याची टाकी व पूररेषेबाहेरील जागा या किमान अटी होत.

परिसरातील विहिरींच्या पाण्याची विद्युतवाहकता व क्लोराइड यांची तपासणी विस्तारापूर्वीच, पावसाळ्याच्या आधी व नंतर, होणे तितकेच आवश्यक आहे. पूर्वस्थितीची नोंद नसल्यास उद्या विहीर बिघडल्याचे शेतकऱ्यास सिद्ध करता येत नाही. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत या चाचण्या सहज होऊ शकतात. पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पांतून हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल.

समारोप :
हस्तांतरण केंद्राची योग्यता त्याच्या क्षेत्रफळावरून नव्हे, तर तेथे कचरा किती वेळ थांबतो यावरून ठरते. म्हणून विस्ताराच्या प्रत्येक प्रस्तावात जागेआधी उचलीची क्षमता तपासली जाणे गरजेचे आहे.