ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र नको! सफाई कामगारांचे प्रशिक्षण ही मेहेरबानी नव्हे

मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तो उचलणारे, शौचालये धुणारे कामगार कोण? आजही त्यांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हाती ब्लीचिंग पावडर, अ‍ॅसिड, फिनाईल दिले जाते. ते कसे वापरायचे हे मात्र अनेकदा कोणी सांगत नाही.

ब्लीचिंगवर अ‍ॅसिड किंवा अ‍ॅसिडचा टॉयलेट क्लीनर पडला की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद शौचालयात तो थेट फुफ्फुसांवर घाला घालतो. म्हणून एका वेळी एकच द्रव्य वापरावे, ते भरपूर पाण्याने धुऊन टाकावे, दार-खिडकी उघडी ठेवावी. अ‍ॅसिड पातळ करताना ते पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. पाण्याच्या बाटलीत रसायन कधीही भरू नये.

कचरा हाताळणाऱ्या कामगारांना गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, बूट व मास्क मिळतील आणि ते वापरले जातील, हे पाहण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनी पालिकांवर टाकली. ‘तो कंत्राटदाराचा माणूस’ म्हणून हात झटकता येत नाहीत. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण भरपाई मरणानंतर मिळते. प्रशिक्षण जीव वाचवते.

तरुणांनो, माहिती अधिकारात आपल्या भागातील सफाई कंत्राटाची प्रत मागा. साहित्य आणि प्रशिक्षणाची अट त्यात आहे का, ते तपासा. आणि एका रविवारी विहारात कामगारांना बोलावून एवढे तरी समजावून सांगा.