हार्ड मनीशिवाय पहिला फ्लिप: आधी राहा, मग विका

अमेरिकेत जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि नफ्यात विकायचं, म्हणजे फ्लिप करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पैसा कुठून आणायचा?

पहिलं नाव कानावर पडतं ते हार्ड मनीचं. खासगी कंपनीचं काही महिन्यांचं महाग कर्ज. समजा, २ लाख डॉलर घेतले, व्याज १२ टक्के, फी ३ टक्के. म्हणजे ६,००० सुरुवातीलाच गेले, वर दरमहा २,००० व्याज. काम दोन महिने रखडलं, की आणखी ४,००० गेलेच! नवख्याचं काम तर हमखास रखडतं.

म्हणून मी एफएचएचं २०३(के) कर्ज निवडलं. यात घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च एकाच गृहकर्जात बसतो. २ लाखांचं घर आणि ५० हजारांची दुरुस्ती धरली, तर क्रेडिट स्कोअर किमान ५८० असल्यास स्वतःचे साडेतीन टक्के, म्हणजे ८,७५० डॉलर. क्लोजिंगचा खर्च वेगळा. दुरुस्तीचे पैसे आपल्या हातात येत नाहीत, काम होईल तसे सुटतात.

अट एकच, पण पक्की: ६० दिवसांत राहायला जायचं आणि किमान वर्षभर राहायचं. राहतो म्हणून खोटी सही केली, तर तो गुन्हा आहे.

त्या ८,७५० साठी ४०१(के)मधून उचल घ्यायचा मोह मलाही झाला. पण नोकरी गेली आणि ठरल्या मुदतीत रक्कम फेडली नाही, तर त्यावर कर बसतो, तरुणांना वर १० टक्के दंड. बाबा म्हणाले, "मी देतो." एफएचएला घरच्यांची भेट चालते, फक्त परतफेड नाही, असं लिहून द्यावं लागतं. बाबांच्या पीएफच्या पैशांवर तसं लिहून घेणं मला जमेना. मग आठ महिने थांबलो आणि साठवले.

आता विकायची घाई करू नका. विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्या घरात राहिलात, तर एकट्याला २.५ लाख आणि जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर सहसा फेडरल कर लागत नाही.

तोटेही आहेत: मॉर्गेज इन्शुरन्सचा हप्ता, कागदपत्रांचा ढीग, धुळीतला स्वयंपाक. पण अंदाज चुकला, तरी डोक्यावर छप्पर राहतं. पहिल्या फ्लिपला एवढं पुरे.

भेटू पुढच्या भागात!