आकड्याचे गणित

अमरावती-अकोल्याकडच्या कास्तकाराला कापसाच्या भावाचे महत्त्व सांगायला नको. पण याच भावातून ‘आकडा’ नावाचा जुगार निघाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे व बंद होतानाचे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्यांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. 1961 साली ते भाव येणे थांबले. तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची युक्ती निघाली, तोच ‘मटका’. पुढे मडक्याच्या जागी पत्ते आले. कापूस गेला, मडके गेले, नाद तेवढा राहिला.

आता हिशेब पाहू. शून्य ते नऊ असे आकडे दहा. आकडा लागला तर साधारणतः रुपयाला नऊ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा. दहा जातील, नऊ येतील. दहावा मालकाचा. आणि हा हिशेब लबाडी नसतानाचा, बरं का!

‘सात बरेच दिवस निघाला नाही, आता निघणारच,’ असे पारावर ऐकू येते. पण काल कोणता आकडा निघाला, हे चिठ्ठीला ठाऊक नसते. तिच्या लेखी रोज पहिलाच दिवस.

सरकारी लॉटरीचे काय? मटका हा कायद्याने गुन्हा आहे. लोकांनी त्याच्या नादी लागू नये, या हेतूनेही महाराष्ट्राने 12 एप्रिल 1969 रोजी राज्य लॉटरी सुरू केली. एका आकड्यावर बक्षीस देण्यास 1998 च्या केंद्रीय कायद्याने लॉटरीला मनाई केली. तरी गणित बदलत नाही. छपाई, विक्रेत्याची दलाली, शासनाचा वाटा, सारे तिकिटाच्याच पैशांतून निघते. उरेल ते बक्षिसाला. समजा, एक लाख तिकिटे आहेत आणि पहिले बक्षीस एक. आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याने लाख तिकिटे घ्यायला सुमारे 1900 वर्षे लागतील!

गुरुजींनी हे वर्गात करून दाखवावे. दहा मुलांनी वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक चिंचोका लावावा. मडक्यातून चिठ्ठी काढावी, जिंकेल त्याला नऊ द्यावेत, एक आपण ठेवावा. दर फेरीला जिंकणारा कोणीही असो, पण दहा फेऱ्यांनंतर गुरुजींजवळ दहा चिंचोके हमखास जमतील. पोरे ते विसरणार नाहीत.

कोणी म्हणेल, ‘साहेब, शेती तरी काय, जुगारच की!’ पाऊस आपल्या हाती नाही, हे खरे. पण बियाणे पारखता येते, बांध घालता येतो, कीड वेळेवर ओळखता येते. लॉटरी निघाली त्याच 1969 साली अकोल्यास कृषी विद्यापीठही निघाले, ते यासाठीच. वावरात शहाणपणाने पदरात थोडे अधिक पडते. आकड्यात कितीही डोके चालवा, दहावा रुपया मालकाचाच. म्हणून सरकीचे पैसे सरकीलाच लागू द्यावेत.